मागून आणलेली लोकर

नाशिक रोडला गाडीत बसले तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक होती, फिरकीचा तांब्या होता आणि मांडीवर पुठ्ठ्याचा एक खोका होता. ट्रंक कुणी पळवली असती तरी मी एक वेळ सोसलं असतं. खोक्यावरचा हात मात्र शेगाव येईपर्यंत काढला नाही. त्यात पांढऱ्याशुभ्र, नव्या कोऱ्या लोकरीचं टोपडं, झबलं आणि पायमोजे होते. कुसुमच्या बाळासाठी मी ते दिवाळीपासून विणत होते.

कुसुम माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन जळगाव जामोदला गेली. नवरा तिथल्याच शाळेत मास्तर. तिची दोन बाळं पाठोपाठ गेली होती, दोन्ही ऐन थंडीत, छाती भरून. हे तिसरं, नुकतंच सव्वा महिन्याचं झालेलं. पुन्हा थंडीच होती, म्हणून मी नाताळच्या सुट्टीत निघाले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. वऱ्हाडासकट राज्य मिळालं म्हणून आमच्या गल्लीने पेढे वाटले होते, पण वऱ्हाड पाहिलेला माणूस गल्लीत एकही नव्हता.

शेगावला उतरले, महाराजांचं दर्शन घेतलं, गरम कचोरी खाऊन जीभ भाजून घेतली आणि जळगावची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. कापसाने भरलेल्या बैलगाड्या जिनाकडे (सरकी काढायच्या कारखान्याकडे) निघालेल्या, आणि गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांवर अडकलेला. पूर्णा नदी ओलांडल्यावर उत्तरेला सातपुडा दिसू लागला आणि खिडकीतून येणारा वारा बोचायला लागला. मी अंगातल्या स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या.

हा स्वेटर माझ्या आईने विणलेला. मरूण रंगाचा. तिची नजर अधू झाल्यावर विणला, म्हणून डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब. त्यानंतर तिने सुया हातात धरल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी तीही राहिली नाही. नवा घे, असं मला सगळे सांगत. मी ऐकत नसे.

कंडक्टर साठीला टेकल्यासारखा दिसणारा, गळ्यात हिरवा मफलर घातलेला माणूस होता.

"कोनाच्या घरच्या पाव्हन्या?"

मी मास्तरांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आमच्याच गल्लीतले ते. मी खंडूजी. लेकराले पाहाले आल्या का? बरं केलं." मग खोक्याकडे पाहून म्हणाला, "नवं हाय काय त्यात?"

"हो, अगदी नवं," मी ऐटीत म्हणाले. तो काही बोलला नाही. तिकिटाला टोचा मारून पुढे गेला.

त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ घरी गेल्यावर कळला. बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेलं, नाकाचा शेंडा गार. मी खोका उघडला. कुसुमच्या सासूबाईंनी झबलं हातात घेतलं, गालाला लावलं आणि परत खोक्यात ठेवलं.

"लय गोड इनलं, मास्तरीनबाई. पन याच्या अंगाले वर्षभर नवं लावाचं नाही. ज्याची भावंडं राह्यली नाहीत, त्याले मागून आनलेलं घालतात."

मी शाळेत शास्त्र शिकवते. माझं डोकं फिरलं. थंडीला नवं-जुनं कळत नाही, लोकर ती लोकर, असं बरंच काही मी त्या माउलीला ऐकवलं. त्या उठून चुलीकडे गेल्या. मग कुसुम बोलली.

"त्यांच्यावर काऊन चिडतेस? त्यांनी नाही, मीच ठरवलंय."

"तू? अगं, तू शिकलेली..."

"शिकलेलीच आहे. आधीच्या दोघांना सगळं नवं घातलं होतं, मी माझ्या हाताने विणलेलं. दृष्ट नको म्हणून दार लावून घेतलं, कोणाला पाहू दिलं नाही. दोघंही त्या नव्या कपड्यांतच गेली, शालू. आता मला माझ्या हातचं काही नको. सगळ्यांचं पाहिजे."

माझं शास्त्र तिथेच संपलं. रात्री जेवायला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्याचं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कुसुम बाळाला छातीशी धरून मागायला निघाली. मीही मागे गेले, जरा ओशाळूनच. मला मागणं जमत नाही. शेजारणीकडून विरजणसुद्धा मी कधी मागितलेलं नाही. कुसुम मात्र दारात उभी राहून सरळ पदर पसरायची. "आमच्या लेकराले काही जुनं लोकरीचं द्या." उन्हाचा मुलूख, घरोघरी लोकर कुठली? तरी जंगल खात्यातल्या एका पेन्शनर चौकीदाराने कसर लागलेला खाकी स्वेटर दिला. एका धनगर बाईने घोंगडीची सुटलेली काळी दशी दिली. खंडूजींनी गळ्यातला मफलर काढला.

"अहो, तुम्हाला ड्युटीवर लागेल," मी म्हणाले.

"मले काय, सदरा हाय नं!"

माझ्या खोक्याचा निकालही त्यांच्याच घरी लागला. सासूबाई म्हणाल्या, "हे आधी खंडूजीच्या नातीच्या अंगावर जुनं होऊ द्या. मंग आमी मागून आनू." संध्याकाळी माझं पांढरं झबलं घालून ती गुटगुटीत नात अंगणात लाळ गाळत बसली होती. मला हसावं की रडावं कळेना.

दोन दिवस आम्ही उसवत बसलो. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांची वळणं राहतात. तिच्या लड्या करून रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, दांडीवर वाळत घालून खाली तांब्या लटकवला, तेव्हा कुठे ती सरळ झाली. विणायला बसलो तर खाकी लोकर जागोजागी तुटलेली, काळी दशी अंगाला टोचणारी. पाठ झाली, निम्मं पोट झालं आणि लोकर संपली.

त्याच दुपारी बाळ खोकलं.

कुसुम पांढरीफटक पडली. मी शेगडी पेटवायला धावले, आणि मागे वळते तर अंगण माणसांनी भरलेलं. धनगर बाई ओव्याची पुरचुंडी शेकायला घेऊन आली. चौकीदार उंबऱ्यात ठाण मांडून बसला. खंडूजी कुणालाही न विचारता डॉक्टरांना घेऊनच आले. नुसती सर्दी आहे, ऊब द्या, म्हणाले डॉक्टर. तरी कुणी हललं नाही. ज्याने लोकर दिली त्याला जणू त्या पोराच्या छातीवर लक्ष ठेवायचा हक्कच मिळाला होता. कुसुमला नेमकं काय हवं होतं, ते मला तेव्हा उमगलं.

माणसं गेल्यावर ती माझ्यासमोर आली. इतक्या वर्षांची मैत्रीण, पण तिने माझ्यापुढेही पदर पसरला. मी स्वेटर काढला. खांद्यांच्या शिवणी उसवून दोन्ही बाह्या सुट्या केल्या. आईचा शेवटचा टाका सर्वांत आधी सुटला. मग धागा भराभर येत गेला, आणि डावी बाही उजवीपेक्षा थोडी जास्त पुरली.

मी निघाले तेव्हा बाळाच्या अंगात पाठीला खाकी, पोटाला हिरवा, छातीला आणि बाह्यांना मरूण असा स्वेटर होता. काळा काठ तेवढा खाली, अंगाला न लागणारा. इतकं ओबडधोबड विणकाम मी जन्मात केलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खंडूजीच होते. पहाटेचा वारा सातपुड्यावरून सरळ येत होता. त्यांचा गळा उघडा, माझे दंड उघडे.

"थंडी वाजून राह्यली का, बाई?"

"हो."

"मलेबी," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही मोठ्याने हसलो. मी उतरताना ते म्हणाले, "काळजी नोका करू. माहा मफलर हाय त्याच्या पोटावर. रोज जातो पाहाले."

गाडीत मी पदर लपेटून बसले. येताना माझं एकटीचं काहीतरी घेऊन आले होते. जाताना अंगावर कमी होतं, पण एका गल्लीत माझा वाटा होता. त्या बाह्या मी पुन्हा विणल्या नाहीत.

पुढच्या थंडीत कुसुम नाशिकला आली. स्टेशनवर मी आधी तिच्या कडेवर पाहिलं, मग तिचा हात धरून उभ्या असलेल्या पोराकडे. त्याच्या डोक्यावर माझं टोपडं होतं, पिवळं पडलेलं, ताणून सैल झालेलं, मागून आणलेलं. अंगात मात्र साधा सदरा.

"स्वेटर कुठाय गं?" मला राहवेना.

"मागून नेला. खालच्या गल्लीतली एक आली होती दारात. तिचीही बाळं राहत नाहीत." कुसुमने पोराच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं. "म्हणाली, तुह्यं पोरगं चालाले लागलं, त्याच्या अंगावरचं दे."