तीनशे दहा किलोमीटर

छोट्याशा विमानतळाच्या चौकशीच्या खिडकीत अण्णांनी एकवीस वर्षं काढली होती. डोंगरापलीकडच्या शहराला दिवसातून एकच विमान जायचं, सकाळी साडेआठचं. कुणी विचारायचा अवकाश, की अण्णांचं उत्तर तोंडपाठ : "हवाई अंतर तीनशे दहा किलोमीटर, पंचावन्न मिनिटं. रस्त्याने अकरा तास."

स्वतः मात्र ते कधी विमानात बसले नव्हते. विमानाने जमीन सोडली की खिडकीत बसलेले अण्णा मान फिरवून घ्यायचे. "सगळ्यांना वर धाडता आणि आपण खालीच!" सहकारी चिडवायचे. अण्णा हसण्यावारी न्यायचे.

त्या दिवशी ते कामावर येतात न येतात तोच भाच्याचा फोन आला. "मामा, आईला पहाटे दवाखान्यात हलवलं. बारा वाजता हृदयाचं ऑपरेशन आहे. सारखी तुमचं नाव घेतेय."

बसने जाऊन काय उपयोग? अण्णांनी रजेचा अर्ज खरडला आणि तिकीट काढलं.

विमान सुटल्यापासून त्यांची नजर घड्याळावर होती. पन्नास मिनिटं झाली. साठ झाली. बाहेर नुसतं पांढरंफटक. ऊन कधी डाव्या खिडकीतून यायचं, कधी उजव्या. अण्णांच्या लक्षात आलं, आपण गोल फिरतोय.

"अहो, आलंच असेल ना आता?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"आलंच," अण्णा कसेबसे म्हणाले.

तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला. खाली दाट धुकं होतं. थोडी वाट पाहू, नाहीतर परत फिरू.

परत? आतापर्यंत विमान पडेल म्हणून जीव मुठीत होता; आता ते वळेल म्हणून थरकाप उडाला. ताई तिकडे दाराकडे डोळे लावून बसली असेल. "उतरव रे बाबा," ते पुटपुटले, "कसंही कर, पण उतरव."

एक तास बेचाळीस मिनिटांनी चाकं टेकली. अण्णांना उठताच येईना. शेवटी त्या बाईंनीच दंडाला धरून उभं केलं.

ताईला आत नेण्याआधी जेमतेम दहा मिनिटं मिळाली.

"कशाने आलास रे?"

"विमानाने."

"तू?" एवढ्या वेदनेतही ताईला हसू फुटलं. नर्स रागावली.

दार बंद झालं. पाच तास मामा-भाचे बाकावर बसून होते, एकमेकांकडे न बघता. दाराची कडी वाजली की दोघंही दचकायचे. अखेर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "निभावलं."

भाचा मामाच्या गळ्यात पडून रडला.

आठवड्याने अण्णा विमानानेच परतले. भीती काही गेली नव्हती; सगळा वेळ ते डोळे गच्च मिटून बसले होते.