यात शिवी कुठे आहे?

मी मैदानावर कधीही शिवी दिलेली नाही. हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे आणि ऐकणारे मानही डोलवत. पुण्याच्या एका पगारी फुटबॉल संघात मी सात वर्षं बचावाच्या फळीत खेळलो. पाय माझे बेताचेच. धावण्यात मी कधी कोणाला मागे टाकल्याचं आठवत नाही, आणि तिशीकडे झुकल्यावर गुडघ्यांनी उरलासुरला वेगही काढून घेतला. तरी दर मोसमाला माझा करार नवा व्हायचा. तो माझ्या तोंडासाठी व्हायचा, हे संघात सगळ्यांना माहीत होतं.

हे तोंड मला घरातून मिळालं. मंडईत आमचा लिंबांचा गाळा होता. एखादं गिऱ्हाईक लिंबू दाबून दाबून बघायला लागलं की वडील अगदी नम्रपणे म्हणायचे, "अहो, जरा हळू. त्यांना ओरडता येत नाही." गिऱ्हाईक लालबुंद व्हायचं, पण भांडणार कशावरून? आवाज खाली, चेहरा सरळ, वर 'अहो' म्हटलेलं. आम्ही भावंडं हे ऐकतच मोठी झालो. मी ते मैदानावर नेलं, एवढाच माझा मोठेपणा.

आमच्या प्रशिक्षकांना ही कला फार आवडायची. फळ्यावर डावपेच काढून झाले की ते माझ्याकडे वळून म्हणत, "तू पाय घालू नकोस. तू फक्त बोल." मग मी समोरच्या आघाडीच्या खेळाडूच्या पाठीशी चिकटून बोलत राही. "बूट सुरेख आहेत आपले. आज वापरणार आहात का?" "दमलात का? बसा ना, इथे कोणी काही म्हणणार नाही." समोरचा पोरगा पंधरा-वीस मिनिटं ऐकून घ्यायचा, मग चेंडू सोडून माझ्याकडेच बघायला लागायचा, मग धक्काबुक्की, मग कार्ड. पंचांनी मला विचारलं तर मी बोललेलं वाक्य शब्दशः सांगायला तयार असे. पंच हसायचे आणि त्या पोराला समज द्यायचे.

त्या दिवशी समोर एक कोल्हापूरचा मुलगा होता. बाविशीचा असेल. पाहुण्या संघाने त्याला त्या वर्षी पहिल्यांदाच करारावर घेतलेला, आणि करार पुढे वाढवायचा की नाही हे त्या मोसमावर ठरणार होतं. हे मला आमच्या प्रशिक्षकांनीच सांगितलं. "नवा आहे, लवकर पेटेल," असं म्हणाले. पोरगा चांगला होता. दोन्ही पायांनी खेळायचा आणि वळायचा असा, की मी चेंडू कुठे गेला ते पाठीमागे वळून बघेपर्यंत तो गोलापाशी असायचा.

त्याची आई सामना बघायला आली होती. वारज्याला तिची बहीण राहायची, तिच्याकडे ती उतरली होती. सामन्यापूर्वी आम्ही अंग मोकळं करत असताना ती जाळीपाशी डबा घेऊन आली आणि मुलाने हाक मारली तशी तिने लांबूनच उत्तर दिलं, "आलो, आलो! थांब की, तुझ्या मावशीनं डबा दिलाय, तो घेऊन आलो." कोल्हापूरकडच्या बायका 'मी आले' न म्हणता 'मी आलो' म्हणतात, यात काही नवल नाही. पण आमच्या पेठेत त्यावर हसण्याची रीत होती, आणि मी ते शब्द खिशात टाकून मैदानात उतरलो.

पहिल्या अर्ध्या खेळात त्याने एक गोल केला. बूट, दमणं, बसणं, माझं सगळं बोलून झालं होतं आणि त्याच्यावर काही परिणाम नव्हता. दुसऱ्या अर्ध्यात एका कॉर्नरच्या वेळी आम्ही गोलासमोर खांद्याला खांदा लावून उभे होतो. मी म्हणालो, "अहो, आपल्या मातोश्री 'आलो' म्हणतात. मग आपल्या घरी आई कोण आणि वडील कोण, हे कळतं कसं?"

तो चिडला नाही. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "वडील न्हाईत मला. मी पोटात असताना गेले. दोन्ही तीच हाय."

तिथे गप्प बसता आलं असतं. मला आजही ते क्षण मोजून आठवतात, आणि गप्प बसायला भरपूर वेळ होता. पण आमच्या घरी बोलणं आलं की त्याला बोलणं गेलंच पाहिजे. त्याचं वाक्य संपलं आणि माझं सुरू झालं. मी म्हणालो, "म्हणजे लग्नाचा खर्च वाचला म्हणायचा."

मूठ मला दिसलीच नाही. मी गवतावर होतो, तोंडात काहीतरी टणक होतं, तो माझाच दात निघाला. दुखत नव्हतं, रागही आला नव्हता. मी फक्त थक्क झालो होतो. सात वर्षांत धक्काबुक्कीपलीकडे मला कोणी हात लावला नव्हता. बोलण्याला बोलण्याने उत्तर द्यायचं असतं, आणि नसेल सुचत तर मान खाली घालून निघून जायचं असतं, असा जगाचा नियमच आहे अशी माझी समजूत होती. हा मुलगा तो नियम मोडून माझ्यासमोर उभा होता आणि त्याचा स्वतःचा चेहराही पांढराफटक पडला होता. पंचांनी लाल कार्ड दाखवलं तेव्हा तो सरळ बाहेर गेला.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे आणि खालचे दात एकमेकांना तारांनी बांधून टाकले, सहा आठवडे. नळीने पेज आणि ताक. बोलणं बंद. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षा झाल्याचं बघून संघातल्या मित्रांनी दवाखान्यात येऊन यथेच्छ करमणूक करून घेतली. मी एक छोटी वही आणि पेन जवळ ठेवू लागलो आणि काय हवं-नको ते लिहून दाखवू लागलो.

वडील संध्याकाळी गाळा बंद करून येत आणि खाटेशेजारी बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय बोललास त्याला?" मी वहीत दोन्ही वाक्यं लिहिली. मला वाटलं, निदान दुसऱ्या वाक्यावर त्यांचे ओठ हलतील. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, "हे आपल्या घरात शिकलास?" मी होकारार्थी मान हलवली. ते उठले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मला त्या ठोशाइतकंच ते लागलं. वाक्य त्यांच्याच पद्धतीने केलेलं होतं, माप तेच होतं, मग यांना काय झालं, हे मला समजेना.

तिसऱ्या आठवड्यात स्पर्धेच्या शिस्त समितीने बोलावलं. त्याआधी आमच्या व्यवस्थापकांनी मला घरी येऊन नियम समजावला. मारणाऱ्याला एक वर्ष बंदी. पण आईबापावरून गंभीर चिथावणी दिल्याचं सिद्ध झालं, तर ती चार-पाच सामन्यांवर येऊ शकते. वर्षाची बंदी आली तर त्याचा क्लब करार मोडणार हे उघड होतं. आणि चिथावणी सिद्ध झाली तर बंदी मलाही होती. "तू बोललेलं एक वाक्य लिही, बास," व्यवस्थापक म्हणाले. "खोटं काही लिहायचं नाही आपल्याला." मी एक वाक्य लिहिलं. पहिलं.

समितीत तीन जण होते, तिघेही पुण्याचेच, वयस्क, स्वच्छ कपड्यांतले. त्या मुलाशेजारी त्याची आई बसली होती. अध्यक्षांनी माझा कागद मोठ्याने वाचला. 'मातोश्री'पाशी एकाला हसू फुटलं. वाक्य संपेपर्यंत तिघेही हसत होते, वाईट मनाने नव्हे, चांगलं जमलेलं वाक्य ऐकल्यावर आपण हसतो तसे. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि त्या मुलाला विचारलं, "यात शिवी कुठे आहे? उलट 'आपण' म्हटलंय त्यांनी. 'आपल्या मातोश्री' म्हटलंय." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "याखेरीज आणखी काही बोलले का ते? असेल तर सांग. तुझ्याच फायद्याचं आहे."

मुलाने आईकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. "न्हाई," म्हणाला.

मी हादरलो. तो सांगणार, मी नाकारणार किंवा खांदे उडवणार, अशी माझी तयारी होती. त्याला माझं वाक्य तोंडपाठ असणार याबद्दल मला शंका नव्हती. आईचं लग्नच झालं नव्हतं असं सुचवणारं ते वाक्य तिच्यासमोर उच्चारायला लागू नये म्हणून हा मुलगा आपला करार टेबलावर सोडून देत होता. आणि मला ते वाक्य तिच्या मुलासमोर म्हणायला एक श्वाससुद्धा जास्त लागला नव्हता.

आता कोणी म्हणेल, मग मार खाल्लास ते बरंच झालं. मी तसं म्हणत नाही. माझा जबडा थंडीत अजून दुखतो आणि एका बाजूने मला शेंगदाणे खाता येत नाहीत. शब्दाने हाड मोडत नाही, मुठीने मोडतं, आणि ज्याला मूठ आवरता येत नाही त्याने पगार घेऊन खेळू नये, असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. त्याची चूक माझ्या वाक्याने पुसली जात नाही. पण त्या खोलीत त्याची चूक सगळ्यांना दिसत होती, तिच्यावर टाके पडलेले होते, तारा होत्या. माझी तारांच्या आत बंद होती आणि मी ती तिथेच ठेवली.

निकाल वर्षाच्या बंदीचा लागला. महिन्याभरात क्लबने त्याला काढून टाकलं, आणि पुढे तो कुठल्या संघात खेळल्याचं मी ऐकलं नाही. मला काहीही झालं नाही. पण निकाल येण्यापूर्वी समितीने आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं होतं, त्या दहा मिनिटांबद्दल मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

मुलगा आपल्या व्यवस्थापकाबरोबर जिन्याखाली गेला होता. मी बाकावर एकटा होतो. त्याची आई आली आणि माझ्याशेजारी बसली. माझ्या तोंडाच्या तारांकडे तिने वाकून पाहिलं.

"लई दुखत असंल," ती म्हणाली. "चूक आमच्या पोराचीच हाय. हात उचलायला नको हुता. मी त्याला घरातबी तेच बोललो."

मी मान हलवली. मला वाटलं, झालं, आता ती उठेल.

"पण ते उगा हात उचलणारं पोरगं न्हाई," ती म्हणाली. "सायबांनी वाचलं त्येवढ्यावर त्यानं तुला मारलं नसतं बाळा. ते आलो-गेलो तर शाळेपासनं ऐकतंय ते. हसून सोडून देतंय. तू अजून कायतरी बोललास. मला ते सांगंना. आत मी बसलो हुतो म्हणून सांगितलं न्हाई त्यानं, व्हय का न्हाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी वही काढली आणि लिहिलं, 'माफ करा.' आयुष्यात पहिल्यांदा मी हे दोन शब्द कोणासाठी तरी लिहिले होते आणि मला वाटलं, यापुढे काही लागणार नाही.

तिने वही हातात घेऊन ओठ हलवत वाचलं. मग पान उलटलं, कोरं पान वर आणलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"हे न्हवं," ती म्हणाली. "ते लिही. मी आत नेऊन सायबांना दावतो."

दार बंद होतं. आतून कपबशांचा आवाज येत होता. जिन्याखाली तिच्या मुलाचे बूट दिसत होते. पाच शब्दांचं वाक्य होतं, ते मी अजिबात विसरलो नव्हतो. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, 'म्हणजे'. ती शेजारून वाकून बघत होती. तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्या लग्नाबद्दलचे पुढचे चार शब्द तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून लिहायचे होते, आणि माझा हात पुढे सरकेना.

तिने तो एकच शब्द वाचून विचारलं, "म्हणजे काय?"

मी पेनाला टोपण लावलं.