बारूद बाईंच्या कमरेला

आमच्या गावचे बंदूकवाले भाऊ बंदूक स्वतः सांभाळायचे, पण तिची बारूद असायची बाईंच्या कमरेला. बाई म्हणजे त्यांची बायको. चामोर्शीकडच्या आमच्या त्या गावात पीकसंरक्षणाचा परवाना एवढ्या एकाच घरात होता. बंदूक जुनी भरमार. नळीच्या तोंडातून बारूद आणि छर्रे ठासायचे, तेव्हा कुठे बार उडणार. धानात डुकरं शिरली की भाऊ शेतातल्या बांधीतून ओरडायचे, "आण वं बारूद!" आणि बाई हातातलं काम आटोपून, कमरेची कापडी पिशवी चाचपत सावकाश निघायच्या. तोवर डुकरांचं जेवण झालेलं असायचं. आम्ही पोरं पोट धरून हसायचो.

"भाऊ, बारूद तुम्हीच काऊन नाई ठेवत?" मी एकदा विचारलं.

"ठेवत होतो ना. मंग एक डाव वावराच्या धुऱ्यावरून लहान भावासंग भांडण झालं. घरी येऊन बंदूक काढली, तं बारूद नाई. इनं धानाच्या ढोलीत लपवली होती. शोधता शोधता राग उतरला. संध्याकाळी भाऊ अन् मी एकाच ताटात जेवलो." मग बाईंकडे बघून म्हणाले, "तवापासून बंदूक माही, बारूद तिची. रागाले बारूद गवसली नाई पायजे, पोरी."

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. भाऊ ती बाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने न्यायचे. पारावरची माणसं विचारायची, "का जी भाऊ, लेक सासरी चालली का?" भाऊंचं तोंड उतरलेलं असायचं. बंदूक परत येईपर्यंत ते कुणाशी धड बोलत नसत. बाई मात्र खूश. "घर कसं मोकळं वाटून राह्यलं," म्हणायच्या.

पुढे मी शिक्षिका होऊन नागभीडला गेले. त्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत शेजारच्या गावातल्या एका माणसाला वाघाने मारलं. मग जो तो भाऊंना म्हणू लागला, मोह वेचायला जाताना बंदूक लपवून न्या. भाऊ ऐकेनात. "लायसन धानासाठी हाय, मोहासाठी नाई. गार्डानं पाह्यलं तं जेलात, अन् जंगलातल्या नक्षली लोकायनं पाह्यलं तं त्याहून वाईट." पण बाईंना एकटं धाडवेना. शेवटी बंदुकीसाठी तेच लुगडं निघालं. बाई हसून म्हणाल्या, "वाघ आला तं त्याले थांब म्हणजो, बारूद येऊन राह्यली."

आणि तसंच झालं. पहाटे बाई एका झाडाखाली वाकलेल्या, भाऊ दुसऱ्या झाडाखाली. झुडपातून वाघ आला तेव्हा भाऊंनी लुगडं सोडलं, बंदूक हातात घेतली, आणि बारूद बाईंच्या कमरेला. रिकामी बंदूक काठीसारखी उगारत ते ओरडत धावले. वाघ पळाला, पण बाई गेल्या. मी पोचले तेव्हा दवाखान्यातून त्यांचं सामान आलं होतं. पिशवीची गाठ तशीच होती. ती बघून मला रडू आवरेना. भाऊ मात्र रडले नाहीत.

काही दिवसांनी ग्रामसभा भरली. अर्धं गाव म्हणत होतं, घरटी बंदूक द्या. उरलेलं म्हणत होतं, वाघ राहील बाजूला, धुऱ्यावरून आपणच एकमेकांना मारू. दोघांचंही मला पटत होतं. तेवढ्यात भाऊंच्या घराशेजारी राहणारा माणूस बोलून गेला, "भाऊनं बारूद जवळ ठेवली असती तं बाई वाचली असती."

भरमार ठासायला किती वेळ लागतो ते मी लहानपणापासून बघितलं होतं, बाई वाचल्या नसत्याच. मी तसं म्हणणार तोच भाऊ उठले. "असंल," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. सभा सुरूच राहिली. थोड्या वेळाने एक बार ऐकू आला. कुणीतरी म्हणालं, डुकरं असतील. धानाच्या बांध्या तर केव्हाच्या रिकाम्या झाल्या होत्या.

सकाळी भाऊ लुगड्यातली बंदूक घेऊन आमच्या दारात उभे. "ठाण्यात चाल माह्यासंग."

हवालदार म्हणाला, "आत्ता कुठे निवडणूक आहे?"

"निवडणूक नाई, साहेब. कायमची घ्या." लुगडं तेवढं त्यांनी परत मागून घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "भाऊ, धानासाठी तरी राहू द्यायची."

ते बराच वेळ लुगड्याच्या घड्या घालत राहिले. "काल सभेतून घरी गेलो, तं खुंटीवर पिशवी. बाजूलेच बंदूक. ठासली मी. त्या शेजाऱ्याच्या दारासमोर जाऊन उभा राह्यलो, त्याची वाट पाहत. मंग काय मनात आलं, आभाळात सोडली." बाई गेल्यापासून पहिल्यांदाच ते रडत होते.

"लपवाले घरात कोणीच नव्हतं, पोरी."