घरटी एक माणूस

तामसीच्या गाडीचा कंडक्टर आमच्या गावचा जावई. येताना तो मला गावाकडची वांगी आणि गावाकडच्या चहाड्या दोन्ही आणून देतो. त्या दिवशी मात्र आदिलाबादच्या माझ्या शाळेच्या फाटकाशी रिकाम्या हातानं उभा होता. "बाई, नागोरावकाका गेले," एवढंच म्हणाला. हातातला खडू तसाच घेऊन मी गाडीत बसले... त्याला आता महिना होत आला. दिवेलागण झाली की मला अजून त्यांचीच आठवण येते.

काका आमचे शेजारी, नात्यानं कोणी नाहीत. पण आमचे वडील लवकर गेले आणि आमच्या घरावर धाक राहिला तो काकांचाच. गावातही त्यांचा मान मोठा होता. निजामी संपत आली त्या धामधुमीत आमच्या सरहद्दीवरच्या गावानं घरटी एक माणूस सक्तीनं पहाऱ्याला घेतला होता. सकाळी कवायत, रात्री हातात भाला, आणि जो येणार नाही त्याच्या घराशी आगपाणी बंद. एकदा लुटारूंची टोळी आली तेव्हा सगळं पथक पळालं. वेशीत एकटे नागोराव भाला रोवून उभे राहिले. याच्या मागं बरीच माणसं दडली असतील, असं वाटून टोळी माघारी फिरली. तेव्हापासून दसऱ्याचं पहिलं सोनं पाटील स्वतः काकांच्या हातावर ठेवत. आम्ही पोरं मात्र त्यांची थट्टा करायचो ती दोरीवरून. दारापासून गोठ्यापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, त्यांनी अंगणात एक जाड सुती दोरी ताणून बांधली होती आणि तिच्यावर साधा पंचासुद्धा कुणाला वाळत घालू देत नसत.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. गावातून बैल चोरीला जाऊ लागले. शेजारच्या गावात चोरांनी एका गड्याला मरेस्तोवर मारलं. मग दत्ताजी पाटलांनी ठरवलं, जुनी सक्ती परत आणायची. मारुतीच्या पारावर दुपारीच सभा बसली. आमच्या घरचा 'एक माणूस' म्हणजे माझा भाऊ विठ्ठल. दिवसा त्याच्यासारखी सरळ पेरणी गावात कुणाची नव्हती, पण सूर्य बुडला की त्याला भिंत आणि माणूस सारखेच. हे फक्त मायला आणि मला माहीत होतं. तामसीकडच्या एका घरी त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीचा मामा कामानं गावात आलेला, त्या सभेतच बसलेला. आता एकतर विठ्ठलनं भाला घेऊन आंधळ्यासारखं उभं राहायचं, नाहीतर सगळ्यांदेखत सांगून सोयरीक मोडून घ्यायची.

पाटील म्हणाले, "खुशीवर सोडलं तं गरिबाचीच चार पोरं येतीन, अन् त्यायच्याच माया रडतीन. सक्ती असंन तं या पाटलाचाबी पोरगा उभा राहीन." खरं सांगायचं तर मला ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच जास्त संताप येत होता. किराणावाला म्हणे, दुकान सोडून वेशीत बसू का? कुणी म्हणे, पोलीस काऊन हायेत मग? वाद वाढत चालला आणि ऊन उतरत चाललं. माय माझा हात घट्ट धरून बसली होती. विठ्ठल पिंपळाच्या सावलीकडं टक लावून पाहत होता.

"नागोराव, आता तुमीच बोला," पाटील म्हणाले. "तुमी म्हनसान तसं."

काका काय म्हणतील याची मला खात्रीच होती. मी डोळे मिटून घेतले.

"पाटील, त्या राती मी उभा राह्यलो हे सगळ्यायले ठावं हाय. काऊन उभा राह्यलो, ते कोनं इचारलंच नाही. मले अंधारात दिसत नाही. तवाबी दिसत नव्हतं. सगळे पळाले... मी पळू कोनीकडं?"

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं.

"मंग तवाच सांगतलं काऊन नाही?" पाटलांचा आवाज चढला.

"शरमेनं. आगपाणी बंद होईन म्हनून. माह्यामागून आपलाच गडी परतून आला व्हता, त्याच्यावर मी भाला उगारला. तो ओरडला म्हनून वाचला... आजबी इथं कोनी माह्यासारखा बसला असंन. त्याले वढून नेऊ नका, अन् सगळ्यायसमोर सांगालेबी लावू नका."

आमच्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाटील चिडूनच म्हणाले, "ठीक हाय. ज्याची खुशी तो येईन." सभा उठली तेव्हा सूर्य बुडाला होता. काका मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "इठ्ठल, हात दे रे बावा, तुया काकाले घरी ने." गावानं पाहिलं, तरणा पोरगा म्हाताऱ्याला सांभाळून नेतोय. प्रत्यक्षात दोघांनाही काही दिसत नव्हतं. मी पुढं चालत वाट्टेल ते मोठमोठ्यानं बडबडत होते, म्हणजे आवाजाच्या मागं त्यांना येता येईल. अंगणात पोचल्यावर काकांनी विठ्ठलचा हात त्या दोरीवर ठेवला. "धर," म्हणाले. आम्ही जिची इतकी वर्षं टिंगल केली ती दोरी कशासाठी होती, हे मला तेव्हा कळलं.

"पोरीले आधीच सांग," काका विठ्ठलला म्हणाले. "माही बायको कितीक दिस मले दारुड्याच समजत व्हती."

दुसऱ्या दिवशी विठ्ठल सकाळच्या गाडीनं तामसीला गेला आणि सांगून आला. मामा उठून निघालाच होता. मुलगी आतून म्हणाली, "दिवसा दिसते ना? मंग झालं." तीच माझी वहिनी.

काकांना मात्र सगळं महाग पडलं. खुशीचा पहारा कसाबसा चालला. त्या हिवाळ्यात आणखी एक बैलजोडी गेलीच आणि खापर काकांवर फुटलं. पोरं त्यांना पाहून मुद्दाम चाचपडत चालायची. दसऱ्याचं पहिलं सोनं पुन्हा कधी त्यांच्या दारी आलं नाही. "बरं झालं, उगाच उभं राहा लागे," असं ते म्हणायचे. पण दसऱ्याला नवा सदरा घालून ओट्यावर बसायचेच... मला ते अजून सहन होत नाही.

काकांचा मुलगा बेल्लमपल्लीला खाणीत असतो. दिवसकार्य झाल्यावर त्यानं घर आवरायला काढलं आणि अंगणातली दोरी सोडून गुंडाळली. वहिनी गेली आणि ती मागून घेऊन आली. आमच्या दारापासून गोठ्यापर्यंत तिनं स्वतः ताणून बांधली, कमरेएवढ्या उंचीवर. संध्याकाळी मी अंघोळ करून आले आणि सवयीनं ओलं लुगडं तिच्यावर टाकलं.

"वन्सं, त्याच्यावर नाही," वहिनी चुलीपासून ओरडली, अगदी काकांसारखी.

मी लुगडं उचललं. गोठ्याकडून विठ्ठल दोरीवर हात सरकवत घरी येत होता.