मागून न आलेली हाक

घरातून निघाले तेव्हा माझा डबा ओसरीवरच राहिला. आईने तो पाहिला, पण हाक मारली नाही. मागच्या दाराने बोळातून धावत ती चौकात आली, टांग्याच्या पुढे उभी राहिली आणि धापा टाकत डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"अगं, ओरडायचं ना," मी म्हटलं.

"निघाल्या माणसाला मागून हाक मारू? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

टांग्यात शेजारी बाबा होते. ते म्हणाले, "पुऱ्या बऱ्हाणपुरात वाटलं ते पत्रक. आपल्याच घरात कोणी वाचलं नाही."

ते पत्रक बाबांचंच. शकुन-अपशकुन सोडा, असं त्यात लिहिलं होतं. मांजर आडवं गेलं तर समजावं, त्याला पलीकडे काम आहे. मी पाटीपेक्षा जास्त अक्षरं बाबांच्या पत्रकांवर गिरवली. तापीच्या राजघाटावर लोक आंघोळीला येत, तेव्हा त्यांच्या ओल्या हातांत मी पत्रकं द्यायची आणि शाई फुटली म्हणून त्यांच्याशीच भांडायची. दुसरं एक पत्रक इंग्रजीविरुद्ध होतं. तेही मीच वाटलं होतं, आणि आता मी भोपाळला मुलांना इंग्रजी कविता आणि नाटकं शिकवायला निघाले होते.

नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. आमची जुनी राजधानी नागपूर रेषेपलीकडे गेली, आम्ही मराठी बोलणारे रेषेच्या अलीकडे राहिलो. नेमणुकीचा कागद आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "ज्यांना घालवलं त्यांच्याच कविता समजावून सांगणार तू."

"राज्य घालवलं, बाबा. कवितेने काय केलं होतं?" मी पत्रकातल्यासारखंच उत्तर दिलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. टांग्यातलं ते वाक्यसुद्धा आईसाठी होतं, माझ्यासाठी नाही.

स्टेशनावर त्यांनी ट्रंक आत ठेवली, माझ्या डोक्यावर हात टेकवला आणि खाली उतरले. मी इंजिनाकडे तोंड करून बसले. मनाशी ठरवलं, बाबांनी हाक मारली की वळायचं. भर बाजारात भोंग्याशिवाय बोलणारा माणूस तो. शकुन न मानणारा. गाडी हलली, प्लॅटफॉर्म संपला, केळीच्या बागा सुरू झाल्या. हाक आली नाही. असीरगड दिसला आणि मागे पडला, तरी मी वळले नाही. बाबांनी मला सोडलं, असं त्या दिवशी मी धरून चालले.

भोपाळमध्ये वर्गाच्या खिडकीतून तलाव दिसायचा. सकाळी त्यावर धुकं असे, आणि धुक्यात एखादी नाव अशी सरकायची की ती पाण्यावर आहे की हवेत, कळू नये. वर्गात ग्वाल्हेरचे, रीव्याचे, छत्तीसगडचे, भोपाळचे, सगळे एका बाकावर. एकमेकांच्या हिंदीला हसायचे आणि सगळे मिळून माझ्या. "बहनजी की हिंदी में मराठी की मिर्च है," असं कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मी ते दोन दिवस पुसलं नाही. घरी पत्र लिहायची ते आईच्या नावाने. शेवटी एक ओळ: बाबांना नमस्कार.

त्या हिवाळ्यात एक जुनी इंग्रजी कविता शिकवत होते. मुलगा समुद्रावर निघतो, आई किनाऱ्यावर उभी राहते. ती हाक मारत नाही, तो वळत नाही. बस, एवढीच. मी विचारलं, आई गप्प का? सगळ्यांनी एका सुरात कुंजीतलं, म्हणजे बाजारातल्या गाइडमधलं, तयार उत्तर म्हटलं: आईचं मौन तिच्या कठोर मनाची खूण आहे.

रीव्याची रामकली कधी तोंड उघडत नसे. ती हळूच म्हणाली, "बहनजी, जाने वाले को पीछे से टोकते थोड़े ही हैं."

"हमारे यहाँ भी नहीं टोकते," ग्वाल्हेरचा रमेश म्हणाला. छत्तीसगडच्या पोरांच्याही माना हलल्या. कशावरच एकमत न होणारी ती पोरं या एका गोष्टीवर एक झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "तो क्या कुंजीवाले की माँ नहीं थी?"

मी बाबांची मुलगी. ही अंधश्रद्धा आहे, असं मी तिथेच म्हणायला हवं होतं. शिवाय त्या दूरच्या देशात असा रिवाज असेल की नाही, मलाही ठाऊक नव्हतं. मी तेवढंच सांगितलं आणि म्हटलं, "पुरावा कवितेत शोधा."

रामकलीने एका ओळीवर बोट ठेवलं. नाव दिसेनाशी होईपर्यंत आई पाण्यात उभी आहे. तिचा झगा भिजला आहे.

"परीक्षेत काय लिहू?"

"तुझं लिही. पुराव्यासकट."

"नंबर कटेंगे तो?"

"कटेंगे तो मैं लड़ूँगी."

मुलं हसली. मी खिडकीकडे वळले. तलावावरची नाव धुक्यात शिरत होती, आणि मला तो तलाव कधी तापी वाटत होता, कधी प्लॅटफॉर्म. त्याच्या टोकाला कुणीतरी उभं होतं.

दिवाळीला घरी गेले नव्हते, उन्हाळ्यात गेले. ओसरीवर बाबा नव्या पत्रकाच्या घड्या घालत होते. मी शेजारी बसून घड्या घालू लागले आणि विचारलं, "त्या दिवशी हाक का नाही मारली?"

त्यांनी हातातली घडी नखाने दाबली. मग म्हणाले, "तोंडापर्यंत आली होती."

"मग? तुमचं पत्रक काय म्हणतं?"

"पत्रकात लिहिलंय ते खरंच हाय, सुमे. पण पोरगी एकच हाय."

आतून आई म्हणाली, "गाडीचा धूर दिसेनासा होईपर्यंत उभे होते. टांगेवाला कंटाळून निघून गेला. चालत आले घरी."

आता भोपाळमध्ये मला कुणी विचारलं, घर कुठे, तर मी बऱ्हाणपूर सांगते. पण मनात दिसते ती एक जागा, माझ्या पाठीमागची. तिथे माझं नाव कुणाच्या तरी ओठांवर येऊन थांबलेलं असतं. बाबा, तुम्ही हाक मारू नका. या वेळी परत येताना गाडी हलली तेव्हा मीच वळले होते, तुम्ही पाहिलंत ना? मागे वळायचं नाही, असं कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.