लाल म्हणजे थंड

घोटीच्या बाजारात मालनबाईच्या रागाला सगळे बिचकून असत, आणि खरं सांगायचं तर तो राग फुकटचा नव्हता. लग्न होऊन आली तशी ती भट्टीवर घण मारत आली. नवरा सावळीराम सांडशीत लोखंड धरायचा, ती ठोकायची. पुढे त्याची नजर अधू झाली आणि सांडशीही हिच्याच हातात आली. विळ्याला पाणी कधी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात कधी बुडवायचं, ते लोखंडाच्या रंगावरून ओळखावं लागतं. रंग कमी पडला तर धार वाकते, जास्त चढला तर तुटते. ते ओळखणारे डोळे आता मालनबाईचे होते. तरी भातकापणीला आलेलं गिऱ्हाईक धारेवर अंगठा फिरवायचं आणि दुकानाच्या तोंडाशी बसलेल्या सावळीरामलाच शाबासकी द्यायचं. तोही मान डोलवायचा. मालनबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लेक स्नेहल नववीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ताऱ्यांचा तक्ता केला होता. तेजस्वी तारे वर, मंद खाली. तापलेले डावीकडे, थंड उजवीकडे. डाव्या टोकाला निळे, मग पांढरे, मधे आपला पिवळा सूर्य आणि उजव्या टोकाला लाल. भट्टीजवळ बसून तिनं हे वाचून दाखवलं तेव्हा मालनबाईला हसू आलं. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. लाल म्हणजे सगळ्यात कमी तापलेलं, यात शिकायचं काय? निळं लोखंड काही तिनं पाहिलं नव्हतं, पण पांढऱ्याच्या पुढे काहीतरी असणारच, असं ती म्हणाली.

स्नेहलचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. काही लाल तारे थंड असूनही तक्त्यात पार वर होते. मालनबाईनं तेही सोडवलं: विळ्याचं पांढरंशुभ्र टोक एवढंसं, त्यापेक्षा लाल निखाऱ्यांनी भरलेल्या अख्ख्या भट्टीचा उजेड जास्त पडतो, ते तारे मोठे असणार. पुस्तकातही तेच निघालं. त्या दिवशी मालनबाई भलतीच खुशीत होती.

प्रदर्शनातल्या परीक्षकांनी मात्र तक्ता पाहून कपाळाला आठ्या घातल्या. गरम पाण्याच्या नळाला लाल खूण असते, गार पाण्याच्या निळी, एवढंही या मुलीला कळत नाही का, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. रंग उलटे करून आणले तर तक्ता नाशिकला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाठवू, असं ठरलं. स्नेहलनं घरी येऊन गुपचूप डावीकडे लाल कागद चिकटवले आणि उजवीकडे निळे.

मालनबाईनं ते पाहिलं आणि तिचा पारा चढला. परीक्षकांचा तिनं उद्धार केला, पण खरा राग लेकीवर होता. त्या परीक्षकांना माहीत नव्हतं. हिला माहीत होतं.

"खोटं हाय ते. तुला ठावं होतं ना?"

"होतं."

"मग चिकटवलं कशापायी?"

स्नेहल रडली नाही. तीही तितकीच चिडलेली होती. "इळा तू घडवतेस, पाणी तू देतेस, आन् त्याच्यावर शिक्का बाबांच्या नावाचा मारतेस. तुला पन ठावंच हाय की, आई."

लेकीचं खरं होतं, आणि याचाही मालनबाईला भयंकर राग आला. ती तिथून उठून गेली.

सकाळी स्नेहलनं चिकटवलेले कागद स्वतःच खरवडून काढले आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. असा तक्ता नाशिकला जाणार नाही, असं सर म्हणाले. मग राहू द्या, म्हणून तिनं फोन ठेवला.

दुपारपर्यंत चार विळे झाले. सावळीरामनं सवयीनं पात्याच्या बुडाशी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, दुसरा विळा घेतला.

"शिक्का मारायचा ऱ्हायला का गं?"

"ऱ्हायला नाय," मालनबाई म्हणाली. "माझ्या नावाचा अजून बनवायचा हाय."