टाकीवरचे किसनराव

लिहिलेलं काहीही दिसलं की किसनराव थांबून वाचत. भज्यांचा तेलकट कागद उलगडून वाचत, एसटीतल्या सूचना वाचत, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तर मोठ्यानं वाचत. तिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. "आमच्या बापाला कुनी शिकू दिलं न्हाई. आता मला कोन आडवतंय?" असं म्हणायचे.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो आणि ते धुलाईच्या टाकीवर. त्याआधी पुण्याकडच्या एका कारखान्यात दहा-बारा वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. यंत्रांचे तेलकट सुटे भाग तापवलेल्या रसायनात बुडवले की लख्ख निघत. वास गोडसर. शेडला एकच खिडकी होती, तीही वाफ साहेबांच्या केबिनकडे जाते म्हणून बंद. दर शनिवारी टाकी रिकामी करून किसनराव कमरेपर्यंत आत वाकत आणि तळाचा गाळ उघड्या हातांनी खरवडत. बाहेर आले की डोळे जड, पाय लटपटत. "आज जमीनच हालतीया जरा," म्हणून हसत आणि सायकल रेटत मुठा खोऱ्यातल्या आपल्या गावी जात. रसायनाचा त्रास होऊ नये म्हणून कंपनी रोज गुळाचा खडा देई. गुळाचा खडा!

एकदा रसायनाच्या पिंपावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, ह्ये विंग्रजी मला येत न्हाई. काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. वाफ हुंगू नये. कातडीला लागू देऊ नये. मोकळी हवा नसलेल्या जागी वापरू नये.

त्यांनी पिंपावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "चार वर्सं तुमी ही पिंपं मला देताय. कदी वाचलं न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोललो. पहिल्याच महिन्यात वाचलं होतं.

ते तडक मॅनेजरकडे गेले आणि हवा खेचणारा पंखा आणि हातमोजे मागितले. "गूळ मिळतोय ना?" एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात मला हुकूम आला, नव्या पिंपांवरचा मजकूर खरवडून त्यावर राखाडी रंग मारायचा. मी मारला.

दोनेक वर्षांनी किसनराव वाळायला लागले. पाठीतून कळ यायची, जेवण जाईना. घरात कुणाला मधुमेह नसताना अचानक लघवीत साखर सापडली. मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. कंपनीच्या डॉक्टरनं त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. "किती पितोस?"

"थेंब न्हाई. दीक्षा घेतलेला मानूस हाय मी."

"सगळे असंच सांगतात," म्हणत त्यानं कागदावर लिहिलं, मद्यपान. मी शेजारी उभा होतो. किसनरावांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ह्ये खोडा. मी मेलो तरी चालंल, पर ह्ये आदी खोडा." त्यानं खोडलं नाही. कावीळ म्हणून औषधं देत त्यानं तीन महिने घालवले.

शेवटी मी त्यांना पुण्याच्या सरकारी इस्पितळात नेलं. पोट उघडून सर्जननं तसंच शिवून टाकलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. "हा अवयव जठराच्या मागं दडलेला असतो," ते म्हणाले. "बोलायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो."

"पंचेचाळीस वर्सं माज्याच पोटात ऱ्हातंय, आन मला नावबी ठावं न्हाई," किसनराव म्हणाले.

मग सर्जननं विचारलं, "काम काय करता?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. टाकीचं ऐकून ते थबकले. तंबाखू, विडी विचारली, दोन्ही नव्हतं. "टाकीमुळंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. पण त्या वाफेत माणूस उभा करायला नको होता, एवढं नक्की."

इस्पितळातून सुटल्यावर किसनराव बैलगाडीत पडून कारखान्याच्या फाटकाशी आले. पाळी सुटायची वेळ होती. हळदीसारखा पिवळा माणूस गाडीत उठून बसला. "टाकीनंच झालं आसं मी म्हनत न्हाई. डाक्टरबी म्हनत न्हाई. पर टाकीनं न्हाई झालं, आसं छातीवर हात ठिवून सांगनारा कोन हाय हितं? आसंल तर त्यानं उद्या आत वाकावं."

दुसऱ्या दिवशी टाकीत कुणी वाकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी पंखा बसला, हातमोजे आले, लांब दांड्याचं खोरं आलं. इतकी वर्षं न जमलेलं काम चार दिवसांत झालं. तो पंखा एका माणसाला उचलता येईल एवढा होता.

महिन्याभरात किसनराव गेले. मॅनेजर हार घेऊन घरी आले, मी बरोबर होतो. बाहेरच्या पडवीत बसून ते किसनरावांच्या बायकोला, सोनाबाईंना म्हणाले, "कंपनी तुम्हाला विसरणार नाही. तुमच्या मुलाला त्याच जागेवर घेऊ."

सोनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "सायेब, तुमचा पोरगा काय करतो?"

"कॉलेजात आहे."

"त्याला आदी हप्ताभर टाकीवर हुबा करा. मग माज्याला बोलवा."

साहेब चहा न घेता उठले. गाडीत बसून त्यांनी मला हाक मारली. मी गेलो नाही. पिंपावरचा मजकूर, माझं खोटं, तो राखाडी रंग, सोनाबाईंना सगळं सांगायचं म्हणून तिथंच बसलो, आणि मी तोंड उघडेपर्यंत संध्याकाळ झाली.